‘किंवा’ची अट आणि डेटाबेसची सूची

डेटाबेसमध्ये साठविलेल्या माहितीतून हवी ती नोंद मिळविण्यासाठी जी विचारणा केली जाते, तिला ‘क्वेरी’ म्हणतात. उत्तर कोणत्या मार्गाने शोधावे, हे ठरविणारा डेटाबेसचा भाग म्हणजे ‘क्वेरी प्लॅनर’. विचारणेतील अटी ‘किंवा’ने, म्हणजे एसक्यूएल भाषेतील ‘ऑर’ने जोडलेल्या असल्या, की या प्लॅनरची खरी कसोटी लागते.

शोध जलद व्हावा म्हणून तक्त्यातील निवडक रकान्यांची क्रमवार सूची, म्हणजेच ‘इंडेक्स’, तयार केली जाते. तिची सर्वाधिक रूढ रचना ‘बी-ट्री’ ही होय. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट यांचा या रचनेवरील निबंध १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला.

पेच कोठे पडतो?

समजा, एका रुग्णालयाच्या तक्त्यात दहा लाख रुग्णांच्या नोंदी आहेत. खिडकीवरील कर्मचारी मोबाइल क्रमांक आणि केसपेपर क्रमांक या दोन्ही अटी घालून शोध घेतो. अटी ‘आणि’ने जोडल्या असतील, तर मोबाइलच्या सूचीतून दोन-चार नोंदी काढून त्यांतील केसपेपर क्रमांक पडताळला, की काम भागते. दुसरी सूची नसली तरी अडत नाही.

‘किंवा’ येताच चित्र पालटते. मोबाइल न जुळणारी नोंदही केसपेपर क्रमांकामुळे पात्र ठरू शकते. त्यामुळे केसपेपरची सूची नसेल, तर दहा लाख नोंदी एकेक करून तपासण्यावाचून गत्यंतर उरत नाही. मोबाइलची उत्तम सूची असूनही ती निरुपयोगी ठरते आणि खिडकीसमोरची रांग वाढते. दोन्ही रकान्यांची मिळून एकच जोडसूची केल्यानेही हा पेच सुटत नाही. आडनावांच्या क्रमाने लावलेल्या टेलिफोन डिरेक्टरीत केवळ पहिल्या नावावरून माणूस सापडत नाही, तसाच हा प्रकार.

प्लॅनरचे उपाय

दोन्ही रकान्यांच्या स्वतंत्र सूची असल्यास मार्ग निघतो. प्रत्येक सूचीतून पात्र नोंदींच्या जागांचा नकाशा तयार करून दोन्ही नकाशे एकत्र केले जातात. दोन्हींत असलेली नोंद एकदाच धरली जाते आणि मग तेवढीच पाने क्रमाने वाचली जातात. पोस्टग्रेस्क्यूएलच्या ८.१ या आवृत्तीत ही ‘बिटमॅप’ पद्धत २००५ मध्ये आली. त्याच वर्षी मायएसक्यूएल ५.० मध्ये ‘इंडेक्स मर्ज’ची सोय झाली. त्यापूर्वीच्या मायएसक्यूएलला एका तक्त्यासाठी एकच सूची वापरता येत असे.

‘किंवा’च्या साऱ्या अटी एकाच रकान्यावर असतील, तर त्या ‘इन’च्या यादीत लिहिणे सोयीचे. २०२५ मध्ये आलेली पोस्टग्रेस्क्यूएल १८ ही आवृत्ती असे अनेक ‘ऑर’ स्वतःच यादीत रूपांतरित करते.

सूची असूनही प्लॅनर ती टाळतो, तेव्हा दरवेळी चूक त्याचीच असते असे नाही. आयबीएमच्या ‘सिस्टिम आर’ प्रकल्पात पॅट्रिशिया सेलिंजर व सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या पद्धतीनुसार, प्रत्येक मार्गाचा अंदाजे खर्च काढून स्वस्त मार्ग निवडला जातो. पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये क्रमाने पान वाचण्याचा खर्च १, तर विखुरलेले पान वाचण्याचा ४ असा मूळ हिशेब आहे. अटींत बसणाऱ्या नोंदी फार असतील, तर संपूर्ण तक्ता वाचणेच परवडते.

विचारणा बदलताना

‘किंवा’च्या दोन बाजू दोन वेगवेगळ्या तक्त्यांतील रकान्यांवर असतील, तर बिटमॅपही सहसा कामी येत नाही. अशा वेळी विचारणेचे दोन भाग करून ते ‘युनियन’ने जोडल्यास प्रत्येक भागाला आपापली सूची वापरता येते. मात्र ‘युनियन’ सारख्या दिसणाऱ्या ओळी गाळते. दोन भिन्न रुग्णांचे नाव एकच असेल आणि विचारणेत केवळ नावच मागितले असेल, तर एक रुग्ण उत्तरातून नाहीसा होतो. म्हणून प्रत्येक नोंदीचा स्वतंत्र ओळख क्रमांकही मागवावा. ‘युनियन ऑल’ वापरल्यास उलट अडचण येते. दोन्ही अटींत बसणारी नोंद दोनदा दिसते.

नव्या सूचीचीही किंमत असतेच. प्रत्येक नवी नोंद करताना तीही अद्ययावत करावी लागते. म्हणून आधी ‘एक्स्प्लेन’ आज्ञा देऊन प्लॅनरने निवडलेला मार्ग पाहावा, ‘किंवा’च्या कोणत्या बाजूस सूची नाही हे शोधावे आणि नेमकी तीच उणीव भरून काढावी.