रंगीत अंडी, रंगीत पिसे : आदिलाबादच्या परसातील कोंबड्यांचा संकर

तेलंगणाच्या उत्तर टोकाला, पैनगंगेच्या अलीकडे आदिलाबाद जिल्हा वसला आहे. नदी ओलांडली की महाराष्ट्र सुरू होतो. बेला, जैनद या सीमेलगतच्या भागांत मराठी सहज कानी पडते आणि गोंड, कोलाम, परधान, आंध अशा समाजांची वस्ती जिल्हाभर पसरलेली आहे. गोव्यात जिला गावठी कोंबडी म्हणतात, तिला येथे गावरान म्हणतात. घरामागच्या परसात पाच-दहा पक्षी नसलेले शेतकरी कुटुंब येथे विरळाच. अडीअडचणीला विकता येणारी ही सर्वांत लहान चल संपत्ती आहे. पाहुण्याचे आतिथ्य, नवस आणि देवकार्य यांनाही कोंबडाच लागतो. देवाला कोणत्या रंगाचा पक्षी द्यायचा यालाही अर्थ असतो. त्यामुळे पिसांचा रंग हा येथे केवळ शोभेचा विषय नाही.

रंगाला बाजारातही मोल आहे. पांढऱ्या ब्रॉयलरपेक्षा रंगीत पिसांचा पक्षी आणि पांढऱ्या अंड्यापेक्षा तपकिरी अंडे गावरान म्हणून अधिक भावाने विकले जाते. या मागणीमुळे संकराकडे ओढा वाढला. मात्र कोणता रंग कोठून येतो आणि त्याच्यासोबत आणखी काय येते, हे जाणून न घेता केलेला संकर पुढे महागात पडू शकतो.

अंड्याला रंग कसा चढतो

कोंबडीच्या शरीरात अंडे तयार व्हायला सुमारे २५ तास लागतात. त्यांपैकी जवळपास २० तास ते कवच तयार करणाऱ्या ग्रंथीत असते. कवच मुळात चुन्याचे, म्हणजे पांढरेच असते. तपकिरी रंग देणारे प्रोटोपॉर्फिरिन हे द्रव्य अखेरच्या काही तासांत कवचाच्या बाहेरील थरावर चढते. म्हणूनच तपकिरी अंडे फोडले की कवच आतून फिकट दिसते. निळ्या अंड्याची गोष्ट वेगळी. त्यातील बिलिव्हर्डिन हे द्रव्य कवचात आरपार भिनते आणि अंडे आतूनही निळे दिसते. निळ्या कवचावर तपकिरी थर चढला की हिरवे किंवा ऑलिव्ह रंगाचे अंडे मिळते. परदेशातील हौशी पालक दोन जातींच्या संकरातून जी हिरवी अंडी मिळवतात, त्यांचे गुपित एवढेच आहे.

निळा रंग एकाच प्रभावी जनुकावर अवलंबून असतो. इंग्लंडमधील आनुवंशशास्त्रज्ञ पनेट यांनी १९३३ मध्ये त्याचा वारसा स्पष्ट केला. या बदलाच्या मुळाशी एका प्राचीन विषाणूचा कोंबडीच्या गुणसूत्रात शिरलेला तुकडा असल्याचे २०१३ मध्ये सिद्ध झाले. चिलीच्या आणि चीनच्या कोंबड्यांत ही घटना स्वतंत्रपणे घडली होती. तपकिरी रंग मात्र अनेक जनुकांच्या एकत्रित परिणामातून येतो. गडद तपकिरी अंड्याची कोंबडी आणि पांढऱ्या अंड्याच्या वाणाचा कोंबडा यांच्या तलंगा बहुधा मधल्या छटेची अंडी देतात.

आदिलाबादच्या गावरान कोंबड्यांची अंडी मलईसारख्या रंगापासून फिकट तपकिरीपर्यंत असतात. निळ्या अंड्याचे जनुक ज्या जातींत आहे त्या परदेशी आहेत. तेव्हा येथील पालकाला वास्तवात साधता येणारे ध्येय म्हणजे अधिक गडद आणि एकसारखे तपकिरी अंडे. कडकनाथाची अंडी काळी असतात हा समजही चुकीचा आहे. त्याचे मांस व कातडी काळी, पण अंडे फिकट मलई ते तपकिरीच असते. कवचाच्या रंगावरून अंड्याचे पोषणमूल्यही ठरत नाही. ते कोंबडीच्या आहारावर अवलंबून असते.

पिसांचे गणित

अंड्याचा रंग आणि पिसांचा रंग यांचा वारसा वेगवेगळा चालतो. लाल कोंबडीने लाल अंडे द्यावे असा नियम नाही. पिसांबाबत काही ठोकताळे मात्र भरवशाचे आहेत. व्हाईट लेगहॉर्न जातीचा पांढरा रंग प्रभावी आहे. तिच्याशी संकर केला की पहिल्या पिढीतील पिल्ले बहुतेक पांढरी, क्वचित काळे ठिपके असलेली निघतात आणि अंडीही पांढरेपणाकडे झुकतात. निळसर राखाडी पिसांचा नर आणि तशीच मादी एकत्र आणल्यास सरासरी चारांपैकी दोन पिल्ले राखाडी, एक काळे आणि एक ठिपकेदार पांढरे होते. हा रंग कितीही पिढ्या निवड केली तरी स्थिर होत नाही. काळा आणि ठिपकेदार पांढरा यांच्या जोडीतून मात्र सगळी पिल्ले राखाडी मिळतात.

काही रंग लिंगाशी निगडित असतात. आडव्या पट्ट्यांची मादी आणि पट्टे नसलेला काळा नर यांच्या पिल्लांत नरांच्या डोक्यावर जन्मतः पांढरा ठिपका असतो, माद्यांच्या नसतो. एका दिवसाच्या पिल्लांतील तलंगा ओळखण्याची ही जुनी युक्ती आहे. कडकनाथाच्या काळेपणातही असाच पेच आहे. कडकनाथ नर आणि फिकट पायांची गावरान मादी यांच्या संकरात मुली काळ्या कातडीच्या, तर मुलगे बरेच उजळ निघतात. जोडी उलटी लावली, म्हणजे फिकट पायांच्या शुद्ध वाणाचा नर आणि कडकनाथ मादी घेतली, तर सारीच पिल्ले उजळ दिसतात.

पिवळ्या पायांमागेही दख्खनचा इतिहास आहे. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा. परंतु पिवळ्या कातडीचे जनुक गोव्याच्या व सह्याद्रीच्या रानांत आढळणाऱ्या करड्या रानकोंबड्याकडून आल्याचे २००८ मधील संशोधनाने दाखवले. म्हणजे आजची पाळीव कोंबडी स्वतःच एका प्राचीन संकराची साक्ष आहे.

हैदराबादचे सुधारित पक्षी

परसातील संकराचे शास्त्रीय काम आदिलाबादच्याच राज्यात, हैदराबादच्या राजेंद्रनगर येथे चालते. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची कुक्कुट संशोधन संस्था तेथे १९८८ पासून आहे. वनराजा, ग्रामप्रिया आणि श्रीनिधी हे तिचे परिचित पक्षी. वनराजा मांस व अंडी या दोन्हींसाठी असून परसात वर्षाला १०० ते ११० अंडी देतो. ग्रामप्रियाचा भर अंड्यांवर आहे आणि तिची अंडी तपकिरी असतात. राजेंद्रनगरच्याच पशुवैद्यकीय विद्यापीठात बहुरंगी पिसांचा राजश्री हा पक्षी विकसित झाला. उत्तर प्रदेशातील इज्जतनगरच्या संस्थेने असील, कडकनाथ, उघड्या मानेची व कुरळ्या पिसांची कोंबडी यांचे संकर तयार केले आहेत.

यांपैकी उघड्या मानेचा गुण आदिलाबादला विशेष उपयोगी आहे. येथील उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. हे जनुक एका पालकाकडून मिळाले तरी पिसे सुमारे २० टक्क्यांनी, दोघांकडून मिळाले तर सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतात आणि शरीरातील उष्णता लवकर बाहेर पडते. उलट कुरळ्या पिसांच्या दोन पक्ष्यांची जोडी लावू नये. त्यांच्या काही पिल्लांची पिसे ठिसूळ होऊन गळतात.

काय मिळते, काय जाते

गावरान कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ६० अंडी देते. असील त्याहूनही कमी देते. आकड्यांत त्या मागे पडतात. पण त्या खुडूक बसतात, २१ दिवस अंडी उबवतात, पिल्ले घेऊन फिरतात आणि घार दिसताच त्यांना पंखाखाली घेतात. अधिक अंड्यांसाठी निवडलेल्या सुधारित वाणांत खुडूक होण्याचा गुण जवळजवळ नाहीसा झालेला असतो. अशा रक्ताचे प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या वाढत गेले की कळपात अंडी वाढतात, पण ती उबवायला कोणी उरत नाही. मग पिल्ले दरवेळी बाहेरून विकत आणावी लागतात. ज्या घरात वीज आणि उबवणीचे यंत्र यांचा भरवसा नाही, तेथे हा तोटा मोठा आहे. शिवाय सुधारित पक्ष्यांच्या आपसातील पुढच्या पिढीत गुण विखुरतात आणि पहिल्या पिढीचे उत्पादन टिकत नाही.

रंगाचाही असाच हिशेब आहे. जंगलाच्या कडेला घार, मुंगूस आणि रानमांजर यांचा वावर असतो. तपकिरी, चित्तेरी पिसांची कोंबडी पाचोळ्यात लपते, पांढरी दुरून दिसते. गावरान कोंबडीचा रंग अशा धोक्यांतून तावून सुलाखून निघालेला आहे.

परसात करायचे तर

सर्व कळपाचा संकर एकदम करू नये. शुद्ध गावरान कोंबड्यांचा एक गट आणि त्यांचा स्वतंत्र कोंबडा कायम ठेवावा. संकरासाठी वेगळे खुराडे करून आठ-दहा माद्यांमागे एक नर सोडावा. मादीच्या शरीरात आधीच्या नराचे बीज दोन ते तीन आठवडे टिकते. म्हणून नर बदलल्यावर तेवढा काळ जाऊ द्यावा आणि मगच उबवणीची अंडी राखावीत. ही अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नसावीत. संकरित अंडीही खुडूक गावरान कोंबडीखालीच ठेवावीत. एका कोंबडीखाली १० ते १२ अंडी पुरतात.

अंड्याचा रंग सुधारायचा असेल तर कोंबडा निवडताना त्याच्या पिसांपेक्षा तो कोणत्या अंड्यातून निघाला ते पाहावे. नर अंडी देत नाही, पण रंगाचे अर्धे जनुक त्याच्याकडून येतात. सर्वांत गडद अंड्यातून निघालेला नर राखावा, त्याच्या मुलींची अंडी तपासावीत आणि त्या नराची आपल्याच मुलींशी जोडी टाळण्यासाठी पायात रंगीत कड्या घालाव्यात. नेहमीचे गडद अंडे अचानक फिके पडले तर उन्हाचा ताण, वाढते वय किंवा आजार यांची शंका घ्यावी. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोगाची लस गावरान आणि संकरित दोघांनाही वेळेवर द्यावीच लागते. गावरान पक्षी काटक असला तरी ही साथ सारे खुराडे रिकामे करू शकते.