वाळूचा हौद आणि सातशे रिकाम्या जागा

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा आम्स्टरडॅममध्ये मुले पुष्कळ होती, खेळायला जागा मात्र नव्हती. होती ती क्रीडांगणे बहुतेक खासगी मंडळांची. तिथे कुंपण आणि फाटक असे, प्रवेश वर्गणीदारांच्या मुलांना. बाकीची पोरे रस्त्यावर.

हे बदलायचे मनावर घेतले पालिकेच्या नगररचना खात्यातील याकोबा मुल्डर यांनी. प्रत्येक वस्तीला स्वतःचे, सर्वांना खुले क्रीडांगण हवे, हा त्यांचा आग्रह. पहिले काम त्यांनी आल्डो व्हान आयक या तरुण वास्तुविशारदाकडे सोपवले.

1947 मध्ये बर्टेलमानप्लाइन नावाच्या छोट्याशा चौकात ते उभे राहिले. काँक्रीटच्या रुंद काठाचा वाळूचा हौद, त्यात चार गोल दगड, कोलांट्या मारायला आडव्या दांड्या, कडेला झाडे आणि बाक. एवढेच! सगळी करामत त्या काठात आहे. चिमुरड्यांना तो वाळूच्या मुदी पाडायला ओटा, मोठ्या मुलांना धावायला वाट आणि आयांना टेकायला कट्टा. हत्ती-घोड्यांच्या आकाराची खेळणी व्हान आयक यांनी कटाक्षाने टाळली. काय खेळायचे ते मुलांनीच ठरवावे. कुंपणही घातले नाही.

शेजारच्या वस्त्यांनी हे पाहिले आणि ‘आमच्याकडेही करा’ अशी पत्रे पालिकेत येऊ लागली. हा इतिहास जितका वास्तुविशारदाचा, तितकाच त्या पत्रलेखकांचा.

जागा निघाल्या चौकांतून, रुंद पदपथांवरून, पडीक भूखंडांतून. जुन्या ज्यू वस्तीतल्या ओसाड जागांमागे तर भीषण भूतकाळ होता. रहिवाशांना नाझींनी पकडून नेले; मग 1944-45च्या उपासमारीच्या हिवाळ्यात गारठलेल्या लोकांनी सरपणासाठी त्या रिकाम्या घरांचे वासे-तक्तपोशी उपसून नेली आणि घरे ढासळली. अशा पोकळ्यांतही पुढे मुलांचा कलकलाट सुरू झाला. 1954 मध्ये डाइकस्ट्राट या गल्लीत दोन इमारतींमधल्या, राडारोडा साचलेल्या चिंचोळ्या पट्टीचेही क्रीडांगण झाले.

व्हान आयक यांनी 1951 मध्ये पालिकेची नोकरी सोडली, हे काम सोडले नाही. 1978 पर्यंत संख्या सातशेच्या वर गेली.

पुढे मोटारी वाढल्या, मोकळ्या जागांवर बांधकामे आली, सुरक्षेचे नियम बदलले आणि बहुतेक क्रीडांगणे पुसली गेली. 2013 पासून त्यांतली काही खेळणी राइक्सम्युझियमच्या बागेत आहेत, आणि मुले त्यांवर चढतातही. मान मोठाच, पण ती घडली वस्तीच्या कोपऱ्यासाठी. मूळ जागी जी थोडी उरली आहेत, ती आधी जपायला हवीत.