जुने गोवे : नदीकडून पाहावयाचे नगर

जुन्या गोव्यास प्रथमच जाणारे आपले बहुतेक भाविक बसमधून उतरतात, संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवपेटिकेसमोर गुडघे टेकतात आणि परततात. भक्ती पुरी होते. नगर मात्र पाहावयाचे राहून जाते.

प्रारंभ मांडवीच्या धक्क्यापासून करावा. नवे व्हाइसरॉय याच वाटेने कमानीखालून नगरात प्रवेश करीत. पुढे संत कायतानच्या आवारात आदिलशाही वाड्याच्या दरवाजाचा अवशेष दिसतो. १५१० पूर्वीही हे नगर नांदते होते, याची ती साक्ष. मग से कॅथेड्रल. त्याचा एक मनोरा १७७६ साली कोसळला. जवळच इन्क्विझिशनचे न्यायालय होते. १५६० साली आलेली ही संस्था १८१२ मध्ये कायमची बंद झाली. ती वास्तू आज उरलेली नाही. म्हणूनच तेथे क्षणभर थांबावे. पूर्वजांच्या श्रद्धेचा अभिमान बाळगणाऱ्याने ही व्यथाही आपलीच मानावी.

त्यानंतर बॉम जेझूमध्ये संतांचे दर्शन घ्यावे व संत ऑगस्टिनच्या मठाचा भग्न मनोरा पाहावा. रोगराईने हे वैभव ओस पाडले. १८४३ साली राजधानी पणजीस गेली.

परतताना संत पॉल कॉलेजची एकाकी कमान चुकवू नये. भारतातील पहिला छापखाना १५५६ साली तेथेच सुरू झाला. पुढे १६१६ साली फादर स्टीफन्स यांचे मराठी ख्रिस्तपुराण राशोल येथे छापले गेले. मराठीत प्रार्थना करणाऱ्या आपल्यासाठी ती कमान केवळ अवशेष नव्हे. ते आपल्या वाङ्मयाचे प्रवेशद्वार आहे.