खंडोबाचा वार आणि प्रभूचा दिवस

मुंबई-आग्रा रस्त्यावरचे चांदवड हे होळकरांचे महत्त्वाचे ठाणे होते, आणि कोरीव लाकडी खांब व भिंतींवरील चित्रे यांसाठी ओळखला जाणारा अहिल्याबाईंचा रंगमहाल त्या राजवटीची साक्ष आजही देतो. होळकरांचे कुलदैवत जेजुरीचा खंडोबा असून त्याचा वार रविवार आहे. भंडारा उधळणे, तळी भरणे, वाघ्या-मुरळीचे जागरण या सगळ्यांत उपासना आणि आनंद यांची ताटातूट कधी झालीच नव्हती. त्यामुळे १८१८ मध्ये चांदवडचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला आणि पुढे सरकारी कचेऱ्यांबरोबर ख्रिस्ती आठवड्याची घडी या मुलखात बसू लागली, तेव्हा रविवार हा येथील लोकांना परका वार नव्हता. नवी होती ती त्या दिवशी काम थांबवण्याची कल्पना.

ही कल्पना शब्बाथाच्या, म्हणजे ज्यू धर्मातील सातव्या दिवसाच्या विसाव्याच्या आज्ञेतून आली आहे; ख्रिस्ती लोकांनी तो विसावा रविवारी, म्हणजे ‘प्रभूच्या दिवशी’, पाळला. सृष्टी निर्माण केल्यावर देवाने विसावा घेतला, म्हणून माणसानेही घ्यावा, असे या आज्ञेचे कारण बायबलमधील निर्गमाच्या पुस्तकात दिले असून तिच्या कक्षेत दास, दासी, परका आणि गुरेढोरेही येतात. पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू न ठेवणाऱ्या मराठी शेतकऱ्याला या आज्ञेतले गुरांचे कलम समजावून सांगण्याची गरज नव्हती. येशूने शब्बाथ माणसासाठी असल्याचे सांगितले आणि काना गावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस केला. तेराव्या शतकातील धर्मपंडित थॉमस अक्वायनस याने तर थकलेल्या शरीराला जशी झोप, तसा थकलेल्या मनाला खेळ आणि विनोद आवश्यक मानला व त्यातील तारतम्याला सद्‌गुणाचे स्थान दिले. ख्रिस्ती विचाराच्या मुळाशी सुखाविषयी वैर नाही. सुख हे दान आहे आणि दात्याचे विस्मरण झाले की ते बिघडते, एवढाच त्याचा आग्रह आहे.

हा आग्रह पुढे अनेकदा कडक झाला. इंग्लंडमध्ये पहिल्या जेम्स राजाने १६१८ मध्ये रविवारच्या उपासनेनंतर नाच, तिरंदाजी अशा करमणुकींना परवानगी देणारा जाहीरनामा काढला, तेव्हा प्युरिटन म्हणवणाऱ्या कर्मठ सुधारकांनी त्याला कडाडून विरोध केला. अहमदनगरला १८३१ मध्ये ठाणे उभारणारे अमेरिकन मराठी मिशन न्यू इंग्लंडच्या त्याच प्युरिटन परंपरेतले होते, त्यामुळे जत्रा-तमाशांकडे पाहण्याची त्याची दृष्टी कडक असणे स्वाभाविक होते. नवख्रिस्ती माणसाच्या दृष्टीने मात्र जत्रा सुटणे म्हणजे वर्षाचा विरंगुळाच सुटणे होते.

ती पोकळी भरण्याचा मार्ग मराठी ख्रिस्ती मंडळींनी स्वतः शोधला, आणि हे त्यांचे मोठे कर्तृत्व आहे. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी नगरकडे ख्रिस्ती कीर्तन रुजवले. कीर्तनाचा पूर्वरंग म्हणजे निरूपणाचा भाग आणि उत्तररंग म्हणजे आख्यानाचा भाग. हा साचा तोच राहिला, आख्यानात ख्रिस्तकथा आली, आणि टाळांच्या साथीने रात्री रंगणारे श्रवणसुख भक्तीच्या अंगणात परत आले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी भजन आणि अभंग यांना उपासनेत मानाची जागा दिली. फुलामुलांचे कवी ही त्यांची ओळख सांगते की सृष्टीत रमणे हे त्यांना श्रद्धेशी विसंगत वाटत नव्हते. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या, आणि त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’मधील खळाळता विनोद हा ख्रिस्ती आनंदाचा मराठीतला सर्वांत खात्रीचा पुरावा मानला पाहिजे.

तथापि विसाव्याची खरी कसोटी तो कोणाच्या वाट्याला येतो यावर लागते. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२१ मध्ये रविवारच्या सुटीचा कायदा केला तेव्हा न्यायाधीश, नगरवासी आणि कारागीर यांना विसावा मिळाला, पण हंगाम चुकू नये म्हणून शेतीकाम त्यातून वगळले गेले. मुंबईच्या गिरण्यांत हा विसावा आपोआप आला नाही. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून चालवलेल्या चळवळीनंतर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुटी मान्य केली, आणि प्रभूचा दिवस व खंडोबाचा वार कामगाराच्या पंचांगात प्रथमच एकत्र आले. पुढच्या वर्षीच्या कायद्याने साप्ताहिक सुटी दिली ती कारखान्यांना. चांदवड परिसरात कांदा काढणाऱ्या आणि द्राक्षबागेत राबणाऱ्या रोजंदारीच्या बाईचा रविवार अजूनही बिनपगारीच असतो.