कर्ज फिटलं, पण कागद कुठाय?

चौफुल्यावरून मोरगावला जाताना सुपं लागतं. आपल्यातले कितीतरी जण आठवड्याला त्या रस्त्याने जातात. १२ मे १८७५ या दिवशी, ऐन बाजारात, याच सुप्यात सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर लोक चालून गेले. इतिहासात त्याला 'दख्खनचे दंगे' म्हणतात. शाळेत दोन ओळींत शिकवलं, आपण पाठ केलं, मार्क मिळाले, विषय संपला.

पण त्या दोन ओळींत एक गोष्ट सुटते. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या बहुतेक गावांत जमाव आला, त्याने सावकाराकडे एकच गोष्ट मागितली. खतं, रोखे, हुकूमनामे, म्हणजे कागद. ज्याने मुकाट्याने कागद दिले त्याच्या अंगाला सहसा कुणी हात लावला नाही. कागदांची होळी केली आणि लोक घरी गेले. ज्याने दिले नाहीत, त्याच्याकडे जबरदस्ती झाली, जाळपोळ झाली. पण राग होता तो कागदावर.

आज हे सांगायचं कारण म्हणजे खरीप तोंडावर आला की माझ्याकडे एकच प्रश्न घेऊन लोक येतात. "दादा, एकरकमी परतफेडीत कर्ज मिटवलं, तरी बँक दारात उभी करत नाही. आता काय करायचं?" गेल्या आठवड्यात असेच एक काका आले. तीन वर्षांपूर्वी तडजोड झाली, पैसे भरले. पण हातात ना दाखला, ना सातबाऱ्यावरचा बोजा उतरलेला. पावती विचारली तर म्हणाले, "साहेब म्हणाले होते, होऊन जाईल."

या "होऊन जाईल"चा इतिहास दीडशे वर्षांचा आहे. म्हणून जरा मागे जाऊ.

सुप्याच्या आधीही सावकार होतेच आणि कर्जही होतं. पण जुन्या गावगाड्यात सावकाराला वसुलीसाठी गावाच्या मर्जीवर राहावं लागे. कुणबी पार बुडाला तर त्याचंही भांडवल बुडे. दोघांना एकमेकांची गरज होती, म्हणून नातं ओढूनताणून का होईना टिकत होतं.

इंग्रजी कोर्टं आली आणि चित्र पालटलं. आता सावकाराला गावाची गरज उरली नाही, कागद पुरेसा झाला. त्यात १८५९ चा मुदतीचा कायदा आला. रोख्यावरचा दावा तीन वर्षांत लावायचा, नाहीतर तो बाद. हेतू चांगला होता, शेतकऱ्याच्या मानेवर जुनं कर्ज पिढ्यानपिढ्या राहू नये. झालं उलटंच. दर तीन वर्षांनी सावकार जुनी मुद्दल आणि थकलेलं व्याज एकत्र करायचा आणि त्या बेरजेचा नवा रोखा लिहून घ्यायचा. व्याजाची मुद्दल झाली, तिच्यावर पुन्हा व्याज. कुणब्याला वाचता येत नव्हतं. तो खाली नांगराची निशाणी करायचा.

ओळखीचं वाटतंय ना? आपण आजही "नवं-जुनं केलं" म्हणतो. मार्चअखेर आली की कुणाकडून तरी चार दिवसांसाठी पैसे उचलायचे, जुनं खातं भरलं असं दाखवायचं आणि लगेच नवं कर्ज काढायचं. व्याजदरात जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे मान्य. पण कर्ज न फिटता कागद तेवढा नवा होतो, ही रीत तीच.

१८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी सढळ हाताने उधारी दिली. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळले. त्यातच १८६७ पासून इंदापूरपासून सुरुवात करून सरकारने शेतसारा वाढवला. उत्पन्न खाली, सारा वर, आणि सावकाराने हात आखडता घेतलेला. कर्ज वाढवून द्यायला सगळे तयार होते, थकलं तेव्हा सावरायला कोणी नव्हतं. बाकी सुप्याच्या बाजारात झालं.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये डेक्कन शेतकरी साहाय्य कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी. त्या काळाच्या मानाने हा कायदा धाडसी होता. कर्जापायी शेतकऱ्याला अटक करणं बंद झालं. रोख्यावर लिहिलंय म्हणून तेवढं खरं, असं न मानता मुळात पैसे किती दिले हे न्यायाधीशाने खणून काढावं, असं ठरलं. खतं नोंदणी करूनच लिहायची. आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, भरलेल्या पैशाची पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क कर्जदाराला मिळाला.

म्हणजे ज्या कागदापायी सुपं पेटलं, त्याची दुसरी बाजू शेतकऱ्याच्या हातात द्यायचा हा प्रयत्न होता.

मग प्रश्न सुटला का? नाही. कायद्याने जुनं कर्ज तपासलं, पण नवं कर्ज कोण देणार हे सांगितलं नाही. सावकाराने विचार केला, कोर्ट रोख्याच्या मागे जाऊन हिशेब मागणार असेल तर रोख्यावर द्यायचंच कशाला? तो सरळ जमिनीचं खरेदीखत मागू लागला. तोंडी बोली गहाणाची, कागदावर विक्री. शेतकऱ्याला बियाण्याला पैसे लागायचेच, तो तेही लिहून द्यायचा. त्याला संरक्षण मिळालं, पण पत मिळाली नाही.

पत हा आपला फार नेमका शब्द आहे. पैसा देणं-घेणं वेगळं आणि पत वेगळी. पत म्हणजे समोरच्याने "हा परत आणून देईल" असं धरून चालणं. ती कायदा करून देता येत नाही.

हे त्या काळात ज्यांनी ओळखलं त्यांत दोन नावं घ्यावी लागतील. एक न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे. याच कायद्याखाली ते पुढे विशेष न्यायाधीश होते, म्हणजे गावोगावच्या कर्जाचे दावे त्यांनी जवळून पाहिले. दुसरे विल्यम वेडरबर्न, मुंबई इलाख्यातले सनदी अधिकारी, पुढे दोनदा काँग्रेसचे अध्यक्ष झाले. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला शेतकी बँकेची एक योजना पुढे आली. प्रयोग कुठे करायचा? आपल्या पुरंदर तालुक्यात.

योजना थोडक्यात अशी. आधी शेतकऱ्याचं जुनं कर्ज सावकाराच्या संमतीने, तडजोडीने एकदाचं मिटवायचं. मग त्याच शेतकऱ्याला बँकेने रास्त व्याजाने नवं कर्ज द्यायचं. आजच्या भाषेत सांगायचं तर एकरकमी तडजोड आणि तिला लागूनच नवं पीककर्ज, एकाच योजनेत. लॉर्ड रिपन यांच्या सरकारने ती उचलून धरली. लंडनमधल्या भारतमंत्र्यांच्या कचेरीने ती फेटाळली. पुरंदरमधली बँक कागदावरच राहिली.

मला आपल्या भागाच्या इतिहासातली ही फार मोठी हुकलेली संधी वाटते. कारण त्यानंतर या दोन गोष्टी आपण बहुतेक वेळा सुट्यासुट्याच केल्या.

१९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. किमान दहा माणसांनी एकत्र यायचं आणि गावच्या संस्थेत जबाबदारी अमर्याद, म्हणजे एकाने बुडवलं तर सगळ्यांच्या घरावर येणार. कठोर वाटेल, पण त्यामागे विचार होता. माणूस लबाड आहे की पाऊस पडला नाही म्हणून थकलाय, हे गावाइतकं कुणाला कळणार? १९११ मध्ये विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लूभाई सामळदास यांच्या पुढाकाराने मुंबईत मध्यवर्ती सहकारी बँक निघाली, तीच पुढे राज्य सहकारी बँक झाली. इथे नवं कर्ज होतं. पण जुन्या सावकारी कर्जात बुडालेला माणूस सोसायटीच्या दारापर्यंत पोचतच नव्हता. १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत दिसलं की शेतकऱ्यांच्या एकूण कर्जात सहकाराचा वाटा जेमतेम ३ टक्के आणि सावकारांचा ७० टक्क्यांच्या आसपास.

त्यानंतर सहकार वाढला, १९६९ ला बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, बँक गावात आली. आणि मग कर्जमाफ्या आल्या. १९९० ला १० हजारांपर्यंतची. २००८ ला केंद्राची मोठी, अल्प आणि अत्यल्प भूधारकांना पूर्ण माफी, इतरांना एकरकमी भरल्यास २५ टक्के सवलत. २०१७ ला राज्याची दीड लाखापर्यंत, २०१९ च्या अखेरीस दोन लाखांपर्यंत.

मी कर्जमाफीच्या विरोधात नाही. दुष्काळात, गारपिटीत, भाव पडलेला असताना शेतकऱ्याने कुठून भरायचं? पण इथे एक गोष्ट नीट वाचा. २००८ च्या माफीवर कॅगने २०१३ मध्ये अहवाल दिला. तपासलेल्या खात्यांपैकी सुमारे एक तृतीयांश खात्यांत, शेतकऱ्याला कर्जमाफीचं प्रमाणपत्र दिल्याची पोच किंवा पुरावा सापडला नाही. माफी झाली, पण तिचा कागद शेतकऱ्याच्या हातात गेला की नाही, हे कुणालाच दाखवता येईना. १८७९ च्या कायद्याने पावतीचा हक्क दिला होता, त्याला तेव्हा सव्वाशेहून जास्त वर्षं होऊन गेली होती!

बँकेचीही एक बाजू आहे, ती सांगितली नाही तर हे लिखाण अर्धवट राहील. शाखाधिकारी दर तीन वर्षांनी बदलतो. त्याला तुमचं घर, विहीर, मुलगा, बैल काहीच माहीत नसतं. त्याच्यापुढे फक्त स्क्रीन असते. शिवाय दर निवडणुकीला माफीची घोषणा झाली की चांगला भरणाराही हात आखडतो, हे त्याने पाहिलेलं असतं. आणि नियमित भरणाऱ्याला वाटतं, आपणच खुळे. म्हणूनच तर पुढच्या योजनांत नियमित फेडणाऱ्यांसाठी प्रोत्साहन रक्कम ठेवावी लागली. अविश्वास दोन्हीकडून आहे. तो घोषणेने जात नाही आणि "सिबिल विचारू नका" असं व्यासपीठावरून बजावल्यानेही जात नाही.

मग जातो कशाने? इतिहास सांगतो तेच. जुनं पुरतं मिटवा, मिटल्याचा कागद घ्या, आणि छोट्या नव्या व्यवहाराने पुन्हा सुरुवात करा. आजच्या काळात ते असं:

१) तडजोडीचं पत्र लेखी घ्या. रक्कम, तारीख, हप्ते आणि "यानंतर काही येणं नाही" हे वाक्य त्यात हवं. पैसे भरले की बेबाकी दाखला घेतल्याशिवाय हलू नका.

२) सातबाऱ्याच्या इतर हक्कांतला बोजा कमी करण्यासाठी बँकेचं पत्र तलाठ्याकडे द्या आणि फेरफार झालेला डोळ्यांनी बघा. आपोआप होत नाही.

३) पतअहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. त्यात 'सेटल्ड' आणि 'क्लोज्ड' हे दोन वेगळे शब्द आहेत. 'सेटल्ड' म्हणजे कमी रकमेत मिटवलं. ती नोंद पुढची काही वर्षं नडते. शक्य असेल तर राहिलेली सूट भरून खातं 'क्लोज्ड' होईल का, हे बँकेला लेखी विचारा.

४) अहवालात चूक असेल तर लेखी तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर रोज १०० रुपये भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

५) तडजोडीनंतर त्याच बँकेने पुन्हा कर्ज देण्याआधी किती थांबायचं, याचे नियम जून २०२३ मध्ये आले. शेतीकर्ज सोडून इतर कर्जांना किमान १२ महिने. शेतीकर्जासाठी मात्र तो काळ ज्या त्या बँकेच्या संचालक मंडळाने ठरवायचा आहे. म्हणजे "तुम्हाला कधीच मिळणार नाही" हे उत्तर नव्हे. "तुमच्या धोरणात किती महिने लिहिलेत?" हा प्रश्न अर्जावर विचारा आणि पोच घ्या.

६) सुरुवात लहान करा. त्याच शाखेत बचत खातं चालू ठेवा, दुधाचे, ऊसबिलाचे पैसे तिथे येऊ द्या. छोटं कर्ज, वेळेवर फेड. दोन हंगाम असे गेले की स्क्रीनवर तुमचं दुसरं चित्र दिसायला लागतं.

आणि बँकेच्या, सोसायटीच्या संचालकांना हात जोडून एक विनंती. तडजोडीची मोहीम घेता तेव्हा टेबलावर दोन गठ्ठे ठेवा, एक बेबाकी दाखल्यांचा आणि दुसरा नव्या कर्जाच्या अर्जांचा. रानडे-वेडरबर्न यांच्या काळात पुरंदरसाठी सुचवलं ते एवढंच होतं.

त्या काकांसोबत सोमवारी मी शाखेत जाणार आहे. कर्ज मागायला नाही, आधी तीन वर्षांपूर्वीच्या पैशाचा दाखला मागायला. काय होतं ते इथेच लिहीन.

तुमच्याकडे असा अडकलेला दाखला असेल तर कमेंटमध्ये तालुका आणि साल तेवढं लिहा. खाते क्रमांक टाकू नका. एकेकट्याने विचारलं की "होऊन जाईल" असं उत्तर मिळतं. पन्नास जणांनी मिळून लेखी विचारलं तर उत्तरही लेखी द्यावं लागतं.