बास्केटबॉलमधील तीन सेकंदांचा नियम : काळ आणि क्षेत्र

बास्केटबॉलचा सामना पाहणाऱ्यास एक गोष्ट वारंवार कोड्यात टाकते. टोपलीखालच्या रंगविलेल्या पट्ट्यात आक्रमक संघाचा एखादा उंच खेळाडू चार-पाच सेकंद उभा असलेला स्पष्ट दिसतो. प्रेक्षक मोठ्याने आकडे मोजू लागतात. आणि तरीही पंचाची शिट्टी वाजत नाही. यावरून हा नियम केवळ कागदावरच उरला आहे, असा समज होतो. तो बरोबर नाही. नियम कसा घडत गेला हे पाहिले म्हणजे पंचाच्या मौनाचा अर्थ लागतो.

इ. स. १८९१ च्या डिसेंबरात जेम्स नेस्मिथ यांनी स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ सुरू केला, तेव्हा त्यांच्या तेरा नियमांत अशी कोणतीही मर्यादा नव्हती. टोपली सुमारे १० फूट उंचीवर टांगण्यात त्यांचा हेतू असा की, बळापेक्षा नेमकेपणाला महत्त्व यावे. पण उंच माणसाने टोपलीखालीच ठाण मांडले, तर हा हेतू आपोआप निष्फळ होतो. अमेरिकन महाविद्यालयीन नियमांत १९३२-३३ च्या हंगामात प्रथम असे ठरले की, चेंडू हाती असलेल्या खेळाडूने मुक्त फेकीच्या पट्ट्यात तीन सेकंदांहून अधिक थांबू नये. १९३५-३६ मध्ये चेंडू हाती नसलेल्या आक्रमकासही तेच बंधन लागू झाले. या नियमाचे मूळ सामान्यतः जानेवारी १९३५ मधील न्यूयॉर्क विद्यापीठ व केंटकी यांच्या सामन्यात सांगितले जाते. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील हा सामना न्यूयॉर्कने २३-२२ असा जिंकला आणि टोपलीखालच्या धक्काबुक्कीमुळे तो गाजला. परंतु वरील कालक्रम पाहता ही कथा अर्धीच खरी ठरते. त्या सामन्याने फार तर आधीच्या नियमाच्या विस्तारास चालना दिली. नियम जन्मास घातला नाही. एका गाजलेल्या प्रसंगावर सारे श्रेय लादण्याचा मोह क्रीडेतिहासातही आवरावा लागतो.

पुढील इतिहासात लक्षणीय गोष्ट ही की, तीनचा आकडा हलला नाही. पट्टा मात्र रुंदावत गेला. प्रारंभी तो अवघा ६ फूट रुंद होता आणि वरच्या वर्तुळासह त्याचा आकार कुलपाच्या भोकासारखा दिसे. सहा फूट दहा इंच उंचीच्या जॉर्ज मायकनचे वर्चस्व आवरण्यासाठी अमेरिकेतील व्यावसायिक संघटनेने, म्हणजे एनबीएने, १९५१-५२ मध्ये तो १२ फुटांचा केला. महाविद्यालयांनी १९५६-५७ मध्ये तेच केले. विल्ट चेंबरलेनच्या काळात, १९६४-६५ मध्ये, व्यावसायिक पट्टा १६ फुटांवर गेला. आंतरराष्ट्रीय नियमांनी १९५६ मध्ये समलंब आकार स्वीकारला. तो जाऊन २०१० पासून ४.९ मीटर रुंदीचा आयत आला. सेकंद कमी करण्याऐवजी जागा का वाढविली? माझ्या मते याचे कारण व्यवहारात आहे. जमिनीवरची रेघ सर्वांना दिसते. सेकंद मात्र पंचाच्या मनातच मोजला जातो. तीनचे दोन केले असते, तर प्रत्येक निर्णय वादग्रस्त झाला असता.

आता अंमलबजावणीकडे वळू. आंतरराष्ट्रीय नियमानुसार ही गणना खेळाडूने पट्ट्यात पाऊल टाकताच सुरू होते असे नाही. त्याच्या संघाचा जिवंत चेंडूवर ताबा हवा, चेंडू पुढच्या अर्ध्या मैदानात हवा आणि सामन्याचे घड्याळ चालू हवे. म्हणून बाजूने चेंडू आत टाकला जाण्यापूर्वी कोणी कितीही वेळ उभा राहिला तरी दोष नाही. टोपलीकडे चेंडू सुटला की संघाचा ताबा संपतो. परतलेल्या चेंडूसाठी झटापट चालू असताना मोजणी नसते, आणि तो पुन्हा हाती आल्यावर ती नव्याने सुरू होते. प्रेक्षकांचे ‘पाच सेकंद’ बहुधा येथेच जमा झालेले असतात. शिवाय बाहेर पडण्याचा प्रयत्न करणाऱ्यास, तसेच तीन सेकंद भरण्याच्या आत चेंडूचे टप्पे देत टोपलीकडे निघालेल्यास, सवलत आहे. उलट, रेघ ही पट्ट्याचाच भाग असल्याने एक पाय बाहेर टाकून दुसरा रेघेवर ठेवणारा आतच गणला जातो. दोन्ही पाय बाहेर टेकल्यावाचून सुटका नाही. नियमभंग झाल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो.

या सवलतींमागे एकच तत्त्व दिसते : दंड थांबण्याला नसून थांबून मिळविलेल्या लाभाला आहे. टोपलीपासून तोंड फिरवून बाहेर निघालेल्या खेळाडूवर तीन आकडे पुरे होताच शिट्टी वाजविणारा पंच काटेकोर ठरेल, न्यायी ठरणार नाही. अर्थात लाभ कोणता हे पंचाने ठरवायचे म्हटले की दोन पंचांचे निर्णय भिन्न होणार, ही तक्रार उरतेच. आणि एका गुणाने हरलेल्या संघाच्या दृष्टीने ती क्षुल्लक नाही.

बचाव करणाऱ्यावर मात्र असे बंधन दीर्घकाळ नव्हते. एनबीएने २००१-०२ मध्ये क्षेत्र-बचावास मुभा दिली, तेव्हा एखादा उंच बचावपटू टोपलीखालीच उभा राहील ही जुनी भीती दुसऱ्या बाजूने परतली. म्हणून कोणाही प्रतिस्पर्ध्यास हाताच्या अंतरावरून प्रत्यक्ष न अडविता पट्ट्यात तीन सेकंदांहून अधिक थांबणाऱ्या बचावपटूस तांत्रिक दोष लागू झाला आणि आक्रमकांस एक मुक्त फेक मिळू लागली. आंतरराष्ट्रीय नियमांनी हा भाग स्वीकारलेला नाही. तेथे बचावपटू टोपलीखाली हवा तितका वेळ उभा राहू शकतो.