तळटीप ७ : कोयता

७. ऊसतोडीतले एक जोडपे म्हणजे एक कोयता. एकटा माणूस अर्धा कोयता. मूळ मजकुरातली आरोग्यसेविका फडात ‘कोयते मोजते’ ती अशी. मुकादम उचल देऊन कोयते ठरवतो. मग साधारण ऑक्टोबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत ही कुटुंबे साखराळे (जि. सांगली), रेठरे बुद्रुक, यशवंतनगर (जि. सातारा) अशा कारखान्यांच्या परिसरात पाले ठोकून राहतात. बरीच बीड, धाराशिवकडची. पण सांगली-सातारा या कारखान्यांच्याच दोन जिल्ह्यांतल्या जत, आटपाडी, माण या दुष्काळी तालुक्यांतूनही माणसे तोडीला जातात.

आशाताईची वही मात्र गावातच राहते. गरोदरपणातली तपासणी, बाळाच्या लसी मध्येच तुटतात. खाडा झाला की दंड बसतो, म्हणून बाया दुखणे अंगावर काढतात. त्याची किंमत भयंकर आहे: गर्भाशय काढून टाकलेल्या ऊसतोड स्त्रियांची बीड जिल्ह्यातली संख्या उघड झाल्यावर २०१९ मध्ये शासनाला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. अमेरिकेत मेक्सिकन व इतर स्थलांतरित शेतमजुरांच्या दवाखान्यांसाठी १९६२ मध्येच स्वतंत्र कायदा झाला होता. आपल्याकडे अजूनही बरेचसे त्या सेविकेच्या पायपिटीवरच अवलंबून आहे.

पुढच्या परिच्छेदातले ‘कार्ड’ म्हणजे माता व बाल संरक्षण कार्ड. तपासण्या आणि लसी यांची आईजवळ राहणारी नोंद.